फोन सोडला तर नेट राहतं का?

प्रश्न : घरी लँडलाइन आहे आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड. फायबर अजून आमच्या वाडीत आलेलं नाही, मोबाइलची रेंज म्हणजे माडाखाली उभं राहिलं तर. त्यामुळे नेट हवंच. फोन मात्र वाजलाच तर कर्ज हवंय का विचारायला. मुलं व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलतात. मुलगा म्हणतो, फोन सरेंडर करा, नेट वेगळं असतं. लाइनमन म्हणतो, नंबर गेला की नेट गेलं. कुणाचं खरं?
— एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : मुलाचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, लाइनमनचं व्यवहाराला. अर्ज लिहायला बसाल तेव्हा लाइनमनचं ऐका.

तुमच्या घरात येते ती तांब्याच्या दोन तारांची एक जोडी, आमच्या भाषेत पेअर. तिच्यावर एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. रिसीव्हर उचललात की सर्किट पूर्ण होतं आणि टोन येतो. माणसाच्या आवाजाला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच जागा लागते. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरचं तुमचं ब्रॉडबँड, त्याच्या खूप वर, २५ किलोहर्ट्झच्या पुढे सुरू होतं आणि नव्या प्रकारात २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. दोघं एकाच तारेवरून जातात, पण एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे नेटला टोन लागत नाही, ४८ व्होल्टही लागत नाहीत. नीट चालायला लागते ती फक्त अखंड पेअर. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आवाजाशिवाय नुसतं डीएसएल विकलंही गेलं. तिकडे त्याला ‘नेकेड डीएसएल’ म्हणत. (आमच्या ऑफिसात हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकांच्या टेबलावर बराच वेळ हशा चालला होता.)

मग अडतं कुठे? एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात त्या मुख्य फ्रेमवर. माझी बरीच नोकरी त्या खोलीत गेली. लोखंडी उभ्या फ्रेमच्या एका बाजूला गावातून आलेल्या केबलच्या पेअर, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे नंबर, आणि मध्ये दोघांना जोडणाऱ्या बारीक तारा, म्हणजे जंपर. ब्रॉडबँडवाल्याचा जंपर थेट न जाता, तारेवर नेट चढवणाऱ्या डीएसलॅम नावाच्या यंत्रामार्गे जातो. आता कागदावर बघा : ब्रॉडबँडची नोंद सहसा तुमच्या फोन नंबराखालीच असते. नंबर बंद करायची ऑर्डर आली की टेक्निशियन जंपर काढतो. त्यावर नेट चाललंय की नाही, हे तो बघत बसत नाही. ऑर्डरमध्ये तसं लिहिलेलं नसतं. मोकळी झालेली पेअर शेजारच्या वाडीतल्या कुणाला दिली गेली, तर तुम्हाला परत मिळेलच असं नाही. कोकणात चांगली पेअर म्हणजे काय चीज आहे, ते पावसाळ्यात कळतं.

तेव्हा ‘फोन सरेंडर’ असा अर्ज करू नका. ‘व्हॉइसशिवाय ब्रॉडबँडचा प्लॅन आहे का’ असं लेखी विचारा. असेल तर प्लॅन बदलायचा अर्ज द्या. नसेल तर नंबर राहू द्या आणि सर्वांत कमी भाड्याचा प्लॅन मागा. बिल थकवून फोन आपोआप बंद पडू द्यायची युक्तीही कुणी सांगेल, ती अजिबात करू नका. आधी आउटगोइंग जातं, मग सगळंच.

आणि एक. फोनचा डबा माळ्यावर टाकू नका, तो लाइनची तब्येत सांगतो. कसा, ते पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : पाऊस झाल्यापासून फोन मेलाय, पण नेट चालू आहे, फक्त रांगतंय. असं कसं? तक्रार कशाची करू?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : तक्रार फोनची करा. दोनपैकी एक तार बहुधा जोडावर गंजून तुटली आहे. डीसीला पूर्ण सर्किट लागतं, म्हणून टोन गेला. नेटचे उंच सिग्नल मात्र तेवढी फट ओलांडून जातात, पण थकून. म्हणून मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लागलेला दिसतो आणि पान उघडायला वेळ लागतो. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात तर मोडेम बंद करून चालू करा, एवढंच उत्तर मिळेल. ‘फोन डेड’ म्हटलंत की टेस्ट डेस्कवर लाइन मोजतात, तार कुठवर शाबूत आहे याचा अंदाज येतो, आणि माणूस पिलर (रस्त्याकडेचं केबलचं कपाट) नाहीतर खांबावरची डीपी (घराघरांत फोनच्या तारा वाटणारी पेटी) उघडून बघतो.

फक्त त्याआधी स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी) काढून साधा फोन भिंतीतल्या सॉकेटला थेट लावून बघा. टोन आला, तर तार ठीक आहे, स्प्लिटर बदला.