बेसबॉलमधला होमरनचा विक्रम बघायला बसतोयस तर

‘या गतीने मोसमात सत्तर होमरन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) होणार’ असली त्रैराशिकं जूनमध्ये मांडू नकोस. यँकीज संघाचा बॅटर ॲरन जज, त्याचा २०२२चा मोसम आठव: २० सप्टेंबरला ६० झाले आणि ६१व्यासाठी २८ तारीख उजाडली. ६२वा आला तो ४ ऑक्टोबरला, मोसम संपायच्या आदल्या दिवशी. म्हणून किती सामने उरलेत ते बघ आणि त्याहून जास्त, बॅटरला मारण्याजोगा चेंडू मिळतोय का ते बघ. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, धास्तावले की बाहेर-बाहेर टाकत वॉक देऊन, म्हणजे फटक्याविनाच पहिल्या बेसवर जाऊ देऊन, मोकळे होतात. २००४मध्ये बॅरी बाँड्सला तब्बल १२० वेळा मुद्दाम वॉक दिला होता! विक्रमाच्या मागे असलेल्या बॅटरच्या मागून बॅटिंगला कोण येतो, यावर मग बरंच अवलंबून असतं.

कुठला विक्रम, हेही आधी विचारून घे. जजने मोडला तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक), रॉजर मॅरिसचा १९६१मधला ६१चा. दोन्ही लीग धरून विक्रम बाँड्सचाच, २००१मधले ७३. बाँड्सवर स्टेरॉइड घेतल्याचे आरोप आहेत, म्हणून इथून वाद पेटतो. माझं म्हणशील तर नोंद ७३चीच आहे. ती मान्य कर, मग हवं तेवढं भांड. आणि बेब रूथने १९२७मध्ये ६० मारले तेव्हा मोसम १५४ सामन्यांचा होता, मॅरिसच्या वेळी १६२चा, हे कुणीतरी उकरणारच. उत्तर तयार ठेव.