घर पाडलं, पोरं बालगृहात, आता परत कशी आणू?

प्रश्न: नमस्कार ताई, नाव-गाव छापू नका. मी चार घरी धुणीभांडी करते, नवरा सोडून गेलाय. नाल्याकाठी आमची झोपडी होती, २०१४ ला घेतलेली, ती पाडली आणि २०११ नंतरची म्हणून बदली घराला पात्र नाही म्हणाले. मग पोरांना घेऊन पुलाखाली राहिले तर कोणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि मुलं बाल कल्याण समितीपुढे नेली. मुलगी १२ ची एका बालगृहात, मुलगा ९ चा पार दुसऱ्या टोकाला. मी आता बहिणीच्या खोलीत राहते. मुलं मागायला गेले की म्हणतात आधी घर दाखवा, आणि खोलीवाले डिपॉझिट मागतात ते मी कुठून आणू. त्या दिवशी माझ्या सह्या पण घेतल्या, शेजारीण म्हणते आता दत्तक देऊन टाकतील. खरं आहे का?

उत्तर: ताई, आधी दत्तकाचं बोलू, कारण तीच भीती रात्री झोपू देत नसणार. मूल दत्तक द्यायचं तर आईला समितीसमोर वेगळा सरेंडरचा, म्हणजे मूल कायमचं सोडून देत असल्याचा, कागद करावा लागतो, आणि तो केला तरी फेरविचाराला २ महिने असतात. मुलं नेली त्या दिवशीच्या सह्या बहुतेक जबाबाच्या असतात. पण बहुतेकवर राहू नका, बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज देऊन ऑर्डरची कॉपी मागा आणि शिकलेल्या कोणाकडून नीट वाचून घ्या. खरा धोका वेगळाच आहे, आईबाप फिरकतच नाहीत असं रेकॉर्डवर दिसलं तर मुलाला सोडून दिलेलं ठरवायची प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणून कामावर खाडा पडला तरी भेटीच्या दिवशी जायचंच, आणि रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय निघायचं नाही.

आता ते 'आधी घर दाखवा'. हे मी इतक्या आयांकडून ऐकलंय की राग येतो, कारण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आईकडे स्वतःचं घर हवं असं कुठेही नाही. उलट संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि मुलाला घरच्यांकडे परत पोचवणं हे बालगृहाचं मुख्य काम, असंच त्यात आहे. तुमची मुलं समितीकडे गेली ती राहायला जागा नाही आणि पोटापाण्याचं साधनही दिसत नाही या कारणाखाली असणार. पण साधन तर तुमच्याकडे आहे ना, चार घरची कामं आहेत! ते कोणी समितीसमोर मांडलंच नसेल, आणि पुलाखाली सापडलेली बाई म्हटल्यावर विचारतं कोण.

तर बहिणीची खोली चालू शकते, फक्त ती नीट दाखवावी लागते. बहिणीला आणि मेहुण्यांना सोबत न्या, मुलं आमच्याकडे राहतील असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगू दे. घरभेटीला जी बाई किंवा साहेब येतील ते फरशी कसली आहे ते बघत नाहीत. दाराला आतून कडी आहे का, संडास किती लांब, खोलीत अजून कोण पुरुष माणसं झोपतात, मुलगी कुठे झोपणार, तुम्ही सकाळी कामाला गेलात की ११ पर्यंत मुलांकडे कोण, शाळा किती लांब, हे विचारतात. याची उत्तरं आधी ठरवा, गडबडलात तर तेच रिपोर्टात जातं. ज्यांच्याकडे काम करता त्यातल्या दोघींकडून साध्या कागदावर किती वर्षं काम करते आणि पगार किती ते लिहून घ्या, जुन्या शाळेच्या बाईंचं पत्र मिळालं तर फारच छान.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन स्पॉन्सरशिप, म्हणजे मुलं घरीच सांभाळायला मिळणारी मदत, विचारा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत एका मुलामागे महिन्याला ४,००० रुपये आहेत, नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलं त्यात बसतात, शहरात वर्षाचं उत्पन्न ९६,००० च्या आत लागतं. राज्याची बालसंगोपन योजना आहे, तिचे मुलामागे महिन्याला २,२५०. यातली तुम्हाला कुठली बसते ते तिथेच सांगतील, पण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा नाहीतर त्याच्यासाठीच चकरा. पैसे वेळेवर येतात असं मी म्हणणार नाही, डिपॉझिट यातून होईल असंही नाही. मुलं संस्थेत ठेवायला खर्च होतोच, तोच थोडा आधी आईच्या हातात भाड्यासाठी पडला असता तर पूल आलाच नसता, पण असो.

भावंडांचं मात्र सोडू नका. शक्य तितकं भावंडांना एकत्र ठेवा असं याच कायद्याच्या ३९ कलमात आहे. मोठ्या मुलामुलींची गृहं वेगळी असतात म्हणून एका छताखाली जमणार नाही कदाचित, पण जवळजवळच्या गृहात ठेवा, फोन करू द्या, भेटवा, असा अर्ज आजच द्या. मुलीची शाळा बदलली असेल तर तेही त्यात लिहा.

तरी समिती ऐकत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. ऑर्डरवर अपिलाला ३० दिवस असतात म्हणून ती कॉपी आधी.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या मुलाचं कुटुंब भाडं थकल्यामुळे खोलीबाहेर काढलंय, सगळे सध्या देवळात झोपतात. १०९८ ला फोन करू का?

उत्तर: मुलाला आज रात्री धोका असेल, आजारी असेल, कोणी त्रास देत असेल, तर लगेच करा मॅडम. नसेल तर आधी आईवडिलांशी बोला, त्यांना न सांगता फोन केलात तर ते उद्या दुसरीकडे निघून जातील आणि मूल शाळेतूनही जाईल. फोनवर 'मुलांना घेऊन जा' म्हणू नका, 'या कुटुंबाला मदत हवी आहे, मुलं आईवडिलांसोबतच नीट आहेत' असं स्पष्ट म्हणा, कारण पहिल्या फोनला काय नोंदलं जातं त्यावर पुढचं बरंच ठरतं. आणि पत्ता बदलला, दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा त्याचा प्रवेश अडवू शकत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आहे, हे त्याच्या वडिलांना तुम्हीच सांगा, त्यांना माहीत नसणार.