बाथरूमच्या जुन्या टाइल्स न फोडता वरूनच नव्या बसवता येतात का? (पुणे, जुना फ्लॅट)

हो, जुन्या टाइल्स घट्ट असतील तर खुशाल बसवा. फक्त आधी खालच्या फ्लॅटचं छत बघून या. तिथे ओल किंवा पोपडे दिसले तर फोडून वॉटरप्रूफिंग करण्याला पर्याय नाही. कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत मी हीच कामं करून घेतो. प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा. पोकळ वाजेल ती काढून जागा भरून घ्या. मिस्त्री सिमेंटवर बसवतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा, जुन्या टाइलच्या गुळगुळीत चकचकीत थरावर (ग्लेझवर) सिमेंट धरत नाही. टाइलवर टाइल बसवण्यासाठीचं पॉलिमर अॅडेसिव्हच आणा. जमीन साधारण १२-१५ मिमी वर येते, त्यामुळे दार खालून तासावं लागतं, नहाणी ट्रॅपची (पाणी वाहून जाण्याच्या भोकावरची) जाळीही उचलावी लागते. उंबरा आधीच बुटका असेल तर जमीन वर आल्यावर पाणी बाहेर येईल, म्हणून फक्त भिंतीच करा.