पोटशूळ झालेल्या घोड्याजवळ आधी नाडी बघ
डॉक्टर यायच्या आत तुला नाडी अचूक मोजता आली पाहिजे. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहा आणि जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोटं फिरव. दोरीसारखी सरकणारी रक्तवाहिनी लागेल. अंगठा लावू नकोस, स्वतःचेच ठोके मोजशील. शांत उभ्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 ठोके पडतात. 60च्या वर जाऊन तिथेच राहिले, तर वाटेतल्या डॉक्टरांना लगेच फोन करून सांग. हिरडी दाबून सोडली की 2 सेकंदांत रंग परतायला हवा. दोन्ही कुशींवर, वर आणि खाली, स्टेथोस्कोप प्रत्येकी एक मिनिट ठेव. आतड्यांचा आवाजच नसणं वाईट. सगळं वेळेसकट लिहून ठेव. चारा काढून घे. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी बाटलीनं तेल पाजू देऊ नकोस. ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतील.