आईबाबांना मुंबई दाखवायचीय, वेळ दोनच दिवस

प्रश्न: ताई, आईबाबांना पहिल्यांदाच मुंबईला नेतोय, कोकणकन्येचं तिकीट झालंय, हातात रविवार-सोमवार. बाबांना बंदर बघायचंय आणि आईचे गुडघे दुखतात. घारापुरी जमेल का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: अरे जमेल की, पण रविवारीच उरक, सोमवारी लेणी बंद असतात, मी स्वतः एकदा सोमवारी गेटवेला जाऊन हात हलवत परत आलेय. गर्दी असते म्हणून सकाळची पहिली लाँच पकड, तासाभराचा प्रवास. धक्क्यावरून छोटी ट्रेन आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेतच, आईसाठी डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरव. आणि हातात खाऊची पिशवी नको, तिथली माकडं कोल्ड्रिंकची बाटली हिसकावून झाकण उघडून पितात, खोटं नाही सांगत! आत सुमारे २० फुटी त्रिमूर्ती आहे, अंधाराला डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं.

सोमवारी पहाटे बाबांना घेऊन ससून डॉकला जा, १८७५चा डॉक आहे, मासळीचा लिलाव बघायला मजा येते, फक्त जुन्या चपला घाला. भाव ऐकून बाबा म्हणतीलच, आपलं साखरीनाट्याचं मासळी बंदर बरं. मग भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, एसीत बसून मोठाली जहाजं दिसतात, आईचे गुडघेही खूश. सीएसएमटीला उतरलात की बाहेर येऊन एकदा मान वर करून स्टेशनची इमारत बघा, वेगळी फेरी नको.