लागोसमध्ये स्वस्त हॉटेल कुठे घ्यावे?

प्रश्न : कामासाठी पाच रात्री नायजेरियातल्या लागोसला राहायचे आहे. बैठका व्हिक्टोरिया आयलंडवर आहेत. पण इकेजातली हॉटेले स्वस्त दिसतात. तिथे राहू का?

उत्तर : बैठका रोज असतील तर नको. इकेजा विमानतळाजवळ, मुख्य भूमीवर आहे. बेटांकडे नेणारे पूल मोजकेच, आणि सकाळी सगळी गर्दी तिकडेच लोटते. भाड्यात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, वेळ वेगळाच. व्हिक्टोरिया आयलंडजवळच्या लेक्की फेज 1 या वस्तीत गेस्टहाऊस शोधा. परतीच्या विमानाआधीची रात्र मात्र इकेजात काढा.

भाव करण्याआधी जनरेटरचे विचारा. वीज वारंवार जाते, आणि स्वस्त हॉटेलांत डिझेल वाचवायला जनरेटर ठरावीक तासच चालवतात. मग एसी असून नसल्यासारखा. ‘रात्री किती ते किती?’ याचे उत्तर लेखी घ्या. जनरेटरच्या बाजूची खोली नको. कर आणि अनामतही विचारून घ्या. पैसे देण्याआधी नळ, कडी तपासा. प्लग तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे अडॅप्टर लागेल.

पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि तिथली खोली आपल्याला निवडता येत नाही!