पुस्तिकेतले चार तास

प्रश्न: मोटर न्यूरॉन आजारामुळे माझे वडील घरीच व्हेंटिलेटरवर आहेत, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी आहे. बॅटरी चार तास चालते असं पुस्तिकेत लिहिलंय. परवा वीज गेली तेव्हा दोन तासांच्या आतच लो बॅटरीचा अलार्म वाजायला लागला. बॅटरी बिघडली का? भाऊ म्हणतो, मोठा इन्व्हर्टर बसवला की चिंता मिटली. खरंच मिटेल?

उत्तर: ताई, श्वसनोपचार तंत्रज्ञ म्हणून मी अशा घरांमध्ये रोज जाते आणि हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. पुस्तिकेतले चार तास खोटे नाहीत, पण ते नव्याकोऱ्या बॅटरीचे आणि कंपनीने धरलेल्या सेटिंगचे असतात. तुमच्या वडिलांचं प्रेशर आणि श्वासांचा वेग जास्त असेल, तर आतल्या टर्बाइनला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याला, जास्त राबावं लागतं. नळीचा कफ, म्हणजे श्वासनलिकेत तिच्याभोवती फुगवलेला छोटा फुगा, सैल असेल किंवा एखाद्या जोडातून हवा सुटत असेल, तर ती तूट भरून काढण्यात बॅटरी खर्ची पडते. शिवाय लिथियम-आयन बॅटरी वापरून आणि वयानेही थकते, उकाड्यात तर लवकरच. तेव्हा आधी गळती शोधा आणि मगच बॅटरीला दोष द्या.

तुमच्या घरातला आकडा किती, हे मोजून घ्या. सर्व्हिसच्या माणसाला बोलवा आणि वडील दुसऱ्या मशीनवर असताना हे मशीन टेस्ट लंगला (चाचणीच्या नकली फुप्फुसाला) जोडून, त्यांच्याच सेटिंगवर, पूर्ण चार्जपासून अलार्मपर्यंत चालवायला सांगा. वडिलांना जोडलेलं असताना बॅटरी संपवून बघू नका. जो वेळ निघेल, त्याच्या अर्ध्यावरच मी माझ्या पेशंटांचा हिशेब बांधते. आकडा घसरला असेल तर बॅटरी बदला. मशीनला काढता-घालता येणारी बॅटरी लागत असेल, तर एक जादा घेऊन ठेवा. अशा मशीनमध्ये सहसा ती आधी वापरली जाते आणि आतली शेवटासाठी राखली जाते.

इन्व्हर्टर जरूर घ्या, प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह देणारा. पण १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. हातात त्याहून बरंच कमी पडतं. व्हेंटिलेटर त्यातलं थोडंच खातो. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र एकटा तीनशे वॉटच्या आसपास ओढतो, म्हणून वडिलांना ऑक्सिजन लागत असेल तर सिलिंडर भरलेला ठेवा. श्वासाची हवा ओलसर करणारा गरम पाण्याचा ह्युमिडिफायरही वीज पितो. वीज गेल्यावर तो काढून एचएमई फिल्टर लावायचा; तो विजेशिवाय श्वासातली ऊब आणि ओल राखतो. दोन्ही एकत्र कधीच नाही, फिल्टर भिजून जड होतो आणि श्वास अडतो. आणि वीज तासभर येऊन पुन्हा गेली, तर बॅटऱ्या भरलेल्या नसतात. घरोघरी मी हेच विसरलेलं पाहते.

सॉकेटकडेही लक्ष द्या. केर काढताना बटण बंद होतं, मशीन गुपचूप बॅटरीवर जातं आणि छोटा अलार्म कुणीतरी म्यूट करून टाकतं. मी त्या बटणावर चिकटपट्टी लावायला लावते. मशीनवरचा विजेचा दिवा दर पाळीला बघायचा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. नळीतला स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन बॅटरीवर किंवा पायाने चालणारं हवं.

यानंतरही मशीन बंद पडलं तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. ती उशाशी टांगलेलीच हवी, कपाटात ठेवून उपयोग नाही. मोठ्या माणसाला साधारण पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. छाती वर येताना दिसेल इतकंच दाबायचं, मग बॅग पूर्ण सोडायची. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने बॅग दाबून रुग्णांना आठवडेच्या आठवडे जगवलं होतं. तुम्ही, आई, भाऊ, मदतीला येणाऱ्या मावशी, सगळ्यांनी नर्ससमोर सराव करा. एकट्याचे हात लवकर भरून येतात.

हॉस्पिटलला कधी निघायचं, हे डॉक्टरांशी बोलून आजच ठरवा. मी सांगते ते असं: मोजलेल्या वेळेतला अर्धा गेला आणि विजेचा पत्ता नाही, की ॲम्ब्युलन्सला फोन. त्यांना आधीच सांगा की पेशंट व्हेंटिलेटरवर आहे. चार्जर, जादा बॅटरी आणि सेटिंगचा कागद एकाच पिशवीत भरून ठेवा.